अतिभाराचा दोष आणि विजेची दुचाकी

सकाळचे पावणेसात वाजलेले असतात. डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर दुकानांची शटरे अजून उघडलेली नसतात, पण दुचाकींची वर्दळ मात्र सुरू झालेली असते. पुढच्या फळीवर उभा असलेला पाच-सहा वर्षांचा मुलगा, हँडलला अडकवलेली दोन दप्तरे, मागे आईच्या मांडीवर धाकटी आणि तिच्याच हातात देरासरात न्यायची पूजेची पेटी. संध्याकाळी त्याच दुचाकीच्या त्याच फळीवर तांदळाची गोणी किंवा कापडाचे गठ्ठे असतात आणि घरी परतणारे मूल त्या गोणीवर पाय दुमडून बसलेले असते. ठाण्याचा जांभळी नाका असो की कल्याणचा शिवाजी चौक, व्यापारी घरांमधले हे चित्र फारसे वेगळे नाही. एकच वाहन घराचेही असते आणि दुकानाचेही.

हे जुने वाहन बदलण्याची वेळ आली की हल्ली घरात विजेच्या दुचाकीचा विषय निघतो. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, वेग किती, पडदा केवढा, सवलत किती, असे प्रश्न शोरूममध्ये विचारले जातात. या गाडीवर रोज किती जीव बसणार आणि किती ओझे चढणार, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो किंवा येतच नाही. वास्तविक निवडीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

अतिचारांच्या यादीतला चौथा शब्द

श्रावकाच्या अहिंसा-अणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते क्रमाने येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यातला चौथा दोष म्हणजे जीवावर त्याच्या शक्तीपलीकडे ओझे लादणे. ज्या काळी माल बैलाच्या खांद्यावर आणि घोड्याच्या पाठीवर चालत असे, त्या काळी व्यापाऱ्याला सर्वांत जवळून लागू पडणारा हा नियम होता. बैल बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने व्रतच बोलत असे.

आज गाडीला बैल नाही. मोटारीला वेदना होत नाहीत आणि बॅटरी थकली तरी तिचे श्वास चढत नाहीत. म्हणून अतिभाराचा दोष संपला असे वाटण्याचा संभव आहे. पण ओझे वाढले की गाडी थांबायला जास्त अंतर घेते, तोल उशिरा सावरतो आणि त्या उशिराची किंमत फळीवर उभे असलेले मूल मोजते. बैलाप्रमाणे तेही तक्रार करीत नाही, कारण त्याला त्या प्रवासाची गंमतच वाटत असते.

ही सवय दोन पिढ्यांची आहे. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि मध्यमवर्गीय घराची दुचाकी म्हणजे पुढे मूल, मध्ये कर्ता, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली गृहिणी, हे चित्र मनात पक्के झाले. तीच चेतक २०२० साली विजेवर परत आली. गाडी बदलली, पण बसण्याची रीत तीच राहिली तर कुटुंबाच्या हाती फार काही लागणार नाही.

मालवाहू सायकल: तिकडची आणि इकडची

मुले आणि सामान वाहण्यासाठीच बांधलेली सायकल युरोपात चांगली रुळलेली आहे. नेदरलँड्समध्ये पुढे लाकडी खोका असलेल्या सायकलीला बाकफीट्स म्हणतात. कोपनहेगनच्या ख्रिस्तियानिया वस्तीतील कारागिरांनी १९८४ साली पुढे दोन चाके आणि मध्ये खोका असलेली तीनचाकी बनवली आणि तिथल्या पालकांनी ती मुलांसाठी उचलली. दुसरा प्रकार लांब शेपटीचा: मागचे चाक आणखी मागे नेलेले, त्यावर लांब कॅरिअर आणि त्या कॅरिअरवर मुलांची आसने. या जड सायकलींना विजेची मोटार जोडल्यावर त्या चढावरही वापरता येऊ लागल्या. जर्मनीने तर २०२० साली मालवाहू सायकलींसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले.

या सगळ्या रचनांमागे दोन साधी सूत्रे आहेत. ओझे जमिनीच्या शक्य तितके जवळ आणि दोन चाकांच्या मध्ये असावे, हे पहिले. मुलाला स्वतःचे आसन, पट्टा आणि पाय ठेवायला जागा असावी, हे दुसरे. भारतात दूधवाल्याच्या सायकलीने पहिले सूत्र केव्हाच आत्मसात केले होते. म्हणूनच त्याच्या किटल्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली लटकत. दुसरे सूत्र मात्र आपल्याकडे रुजायचे आहे.

ठाणे-कल्याण परिसरात खोक्याची सायकल रस्त्यावर क्वचितच दिसते. तिच्यासाठी रुंद आणि स्वतंत्र मार्गिका लागते. फडके रोडवर संध्याकाळी ती वळवणेसुद्धा अवघड होईल. त्यामुळे इथल्या कुटुंबापुढे प्रत्यक्षात तीन पर्याय उरतात: मजबूत कॅरिअरची ई-सायकल, ई-स्कूटर आणि निव्वळ मालासाठी तीनचाकी ई-टेम्पो. तिन्हींचे गुण-दोष पाहण्याआधी कायद्याची चौकट समजून घेणे इष्ट ठरेल.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती बसू शकते. या नियमाचा भंग झाल्यास कलम १९४-क नुसार एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र, अशी तरतूद आहे. ‘मूल लहान आहे, ते मोजत नाहीत’ हा समज खरा नाही. केरळमध्ये २०२३ साली रस्त्यांवर कॅमेरे बसल्यानंतर लहान मुलाला तिसरा प्रवासी म्हणून मुभा मिळावी, अशी मागणी केंद्राकडे झाली होती. केंद्र सरकारने ती मान्य केली नाही. म्हणजे आई-वडील आणि एक मूल असे तिघे स्कूटरवर कायद्याने बसू शकत नाहीत, आणि एका पालकाबरोबर दोन मुलेही नाहीत.

चार वर्षांखालील मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने नवा नियम आला आणि एका वर्षाने तो लागू झाला. अशा मुलाला सुरक्षा-पट्टा, म्हणजे जाकिटासारखा अंगात घालायचा आणि चालकाच्या खांद्यांना जोडायचा हार्नेस, आवश्यक आहे. हा पट्टा हलका, कमी-जास्त करता येणारा, पाण्याने खराब न होणारा आणि तीस किलोपर्यंतचे वजन पेलणारा असावा, असे नियमात म्हटले आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला त्याच्या डोक्याला बसेल असे हेल्मेट हवे आणि मूल मागे असताना गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट तर कलम १२९ नुसार सक्तीचेच आहे.

ओझ्याबद्दलचा नियम व्यापारी घरांना कमी माहीत आहे. दुचाकीला मागे हलकी पेटी लावता येते. २०२० च्या दुरुस्तीनुसार तिची लांबी ५५ सेंटिमीटर, रुंदी ५१ आणि उंची ५० सेंटिमीटरपर्यंत असावी. पण ही पेटी मागच्या बैठकीच्या जागी लावली, तर गाडीवर फक्त चालकच बसू शकतो. जिथे माल, तिथे माणूस नाही. कायद्याने एका ओळीत जे सांगितले, तेच या सगळ्या निवडीचे मर्म आहे: मुलांची फेरी वेगळी आणि मालाची फेरी वेगळी.

तीन पर्याय

ई-सायकल हा सर्वांत साधा पर्याय आहे. मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि मोटारीचे साहाय्य ताशी २५ किलोमीटरला थांबणारे असेल, तर नियमांनुसार ती मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी आणि परवाना लागत नाही. घर, पाठशाळा, भाजी आणि दुकान यांमध्ये दोन-तीन किलोमीटरचे अंतर असलेल्या नौपाडा, चरई किंवा डोंबिवलीच्या टिळकनगरसारख्या वस्तीत ती उत्तम चालते. मात्र मुलासाठी नुसती गादी बांधून भागत नाही. पाठीला आधार, खांद्यावरून येणारा पट्टा आणि पाय चाकात जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना आडोसा असलेले आसन हवे. कॅरिअरवर त्याची भारक्षमता किलोमध्ये नोंदलेली असते. ती २५ किलो असेल, तर आसनाचे वजन वजा जाता साधारण पाच-सहा वर्षांपर्यंतचेच मूल त्यावर बसवावे. घोडबंदर रस्ता किंवा कल्याण-शीळ रस्ता अशा अवजड वाहनांच्या मार्गांवर मुलासह ई-सायकल नेऊ नये. तिथला धोका सायकलीच्या बांधणीने कमी होत नाही.

ताशी २५ किलोमीटरची मर्यादा काढून टाकून देणारे विक्रेतेही भेटतात. तसे केल्यावर ते वाहन कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन होते. मग नोंदणी नाही, विमा नाही आणि अपघात झाला तर सगळी जबाबदारी घराच्या कर्त्यावर. व्यवहारात चोख असणाऱ्या कुटुंबाने हा मोह टाळावा.

ई-स्कूटर बहुतेकांच्या गरजेला पुरते. कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या गाड्या आता मिळतात. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या एथर रिझ्टाच्या आसनाखालच्या डिकीत ३४ लिटर जागा आहे. डिसेंबर २०२४ च्या चेतक ३५ मालिकेत ती ३५ लिटर झाली. दप्तर, डबा आणि किराण्याची पिशवी डिकीत गेली की फळी मोकळी राहते, हा या मोठ्या डिकीचा खरा फायदा. लांब आणि सपाट बैठक, मागच्या प्रवाशाच्या पाठीला टेकू, धरायला दांडी, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाला साडीगार्ड या गोष्टी पडद्याच्या आकाराआधी पाहाव्यात.

तिसरा पर्याय तीनचाकी मालवाहू ई-टेम्पोचा. बारामतीच्या पियाजिओपासून महिंद्र आणि बजाजपर्यंत अनेकांच्या अशा गाड्या बाजारात आहेत आणि त्या सुमारे अर्धा टन माल वाहतात. कल्याणच्या बाजार समितीतून रोज माल उचलणाऱ्या दुकानाला ती परवडेल. ज्यांचा माल आठवड्यातून दोनदा येतो, त्यांनी भाड्याचा टेम्पो करावा. काहीही असो, मालाच्या हौद्यात मुलांना बसवू नये. पर्युषणात किंवा रथयात्रेच्या दिवशी हा नियम हमखास मोडला जातो, म्हणून त्याचा मुद्दाम उल्लेख.

मूल कुठे बसणार

स्कूटरच्या फळीवर उभे राहिलेले मूल चालकाच्या दोन्ही हातांमध्ये असते, म्हणून ते सुरक्षित आहे असे वाटते. प्रत्यक्षात ब्रेक लागताच त्याचा चेहरा हँडलवर आदळतो आणि मागून चालकाचे वजन त्याच्यावर येते. विजेच्या गाडीत आणखी एक धोका आहे. पेट्रोलच्या गाडीचा आवाज ती सुरू असल्याची जाणीव देतो. ई-स्कूटर सुरू असतानाही गप्प उभी असते. चालक फाटकाशी बोलत उभा आहे, गाडी चालू आहे आणि फळीवरच्या मुलाने सहज मूठ पिळली, तर ती झेप घेते. म्हणून मुलाला चढवताना आणि उतरवताना गाडी पूर्ण बंद करणे हा घरातल्या सर्वांसाठी अपवाद नसलेला नियम असावा. साइड स्टँड लावताच मोटार तोडणारी सोय आहे की नाही, हे खरेदीआधी स्वतः तपासावे.

मोठ्या मुलाची जागा मागे आहे. त्याचे पाय पायदानावर नीट टेकले पाहिजेत. ते टेकेपर्यंत मागे एकटे बसवू नये. घरात दोन लहान मुले असतील, तर दोन फेऱ्या, शाळेची बस किंवा रिक्षा हाच मार्ग उरतो. कोणतीही नवी दुचाकी हा प्रश्न सोडवत नाही, हे स्पष्टपणे मान्य केलेले बरे.

बॅटरी, पाऊस आणि जिना

बॅटरीला लागलेल्या आगींच्या बातम्यांनंतर सुरक्षेची मानके कडक झाली. एआयएस-१५६ या मानकाच्या सुधारित अटी डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. गाडी त्यानुसार प्रमाणित आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी जड असते, पण उष्णतेला अधिक टिकते. दुसऱ्या प्रचलित प्रकारात तेवढ्याच वजनात अधिक अंतर मिळते. रोजच्या धावपळीत हा फरक अंतराहून सुरक्षेच्या अंगाने तोलावा.

या भागातला पावसाळा ही वेगळीच परीक्षा आहे. सखल रस्त्यांवर पाणी साचते आणि त्याखालचा खड्डा दिसत नाही. गाडी पाणी रोखणारी असली, तरी मूल पाण्यात पडू शकते. गुडघाभर पाण्यातून दुचाकी नेऊच नये. भिजलेली गाडी आणली की चार्जिंगची जागा कोरडी करून, गाडी निवाल्यावरच चार्जर लावावा.

डोंबिवलीतल्या अनेक जुन्या इमारतींना लिफ्ट नाही आणि तळमजल्यावर विजेची जोडणीही नाही. अशा घराने काढून नेता येणारी बॅटरी पाहावी. पण स्कूटरची अशी एक बॅटरी साधारण दहा-बारा किलोची असते. तिसऱ्या मजल्यावर ती रोज कोण नेणार, हे खरेदीआधी ठरवावे. ते काम बहुधा सूनबाईंच्या वाट्याला येते, आणि गाडी निवडताना त्यांनाच विचारलेले नसते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जोडणी घ्यायची, तर सभेत रीतसर मंजुरी, स्वतंत्र मीटर आणि जाणत्या वायरमनकडून अर्थिंग, एवढे करावे. खिडकीतून सोडलेली एक्स्टेन्शनची वायर कायमची व्यवस्था होऊ शकत नाही.

वहीतला हिशेब

व्यापारी घराला आकडे सांगावेच लागतात. रोज १५ किलोमीटर आणि वर्षात ३०० दिवस धरले, तर गाडी ४,५०० किलोमीटर चालते. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल १०४ रुपये धरले, तर वर्षाचा खर्च १०,४०० रुपये. ई-स्कूटरला १०० किलोमीटरला साडेतीन युनिट आणि युनिटला १० रुपये धरले, तर सुमारे १,५७५ रुपये. बचत पावणेनऊ हजारांच्या आसपास. विजेची गाडी ३०,००० रुपयांनी महाग पडली, तर साडेतीन वर्षांत फरक भरून निघतो.

पण तीच गाडी रोज पाचच किलोमीटर चालत असेल, तर वर्षाची बचत तीन हजारांच्याही आत राहते आणि फरक भरून यायला दहा वर्षे लागतात. अशा घराला ई-सायकल अधिक योग्य. तिची बॅटरी पूर्ण भरायला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज पुरते, म्हणजे चार-पाच रुपये.

अनुदानावर खरेदीचा निर्णय टेकवू नये. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २०२४-२५ साली बॅटरीच्या दर किलोवॅट-अवरला ५,००० रुपये होते, ते पुढच्या वर्षी २,५०० झाले. वॉरंटीच्या कागदावर वर्षे, किलोमीटर आणि मुदतअखेर बॅटरीची किती टक्के क्षमता शिल्लक राहण्याची हमी आहे, हे तीन आकडे शोधावेत.

विजेची गाडी पूर्ण निर्दोष आहे असेही मानू नये. महाराष्ट्रातील विजेचा मोठा वाटा अजून कोळशावर तयार होतो आणि बॅटरीतील धातू खाणींतूनच येतात. तरीही सिग्नलला थांबलेल्या मुलाच्या नाकाशी या गाडीचा धूर येत नाही, हा लाभ लहान नाही. आरंभ-समारंभ संपत नाही, तो कमी होतो. गृहस्थाच्या वाटेवर तेवढेही मोलाचे आहे.

पैसे देण्याआधीची एक फेरी

शोरूमसमोरच्या मोकळ्या रस्त्यावरची एकट्याची फेरी काही सांगत नाही. घरात जी व्यक्ती गाडी सर्वाधिक चालवणार, तिनेच ती चालवून पाहावी. दोन्ही पाय जमिनीवर टेकतात का, गाडी एकटीला मध्यस्टँडवर घेता येते का, हे पाहावे. आधी मागे एक मोठी व्यक्ती बसवून कोपर पूल किंवा पत्री पुलासारखा चढ चढावा आणि उतारावर ब्रेक दाबून पाहावा. नंतर माणूस उतरवून, नेहमीच्या किराण्याचे वजन डिकीत ठेवून तीच फेरी पुन्हा करावी. गाडीच्या पुस्तिकेत एकूण भारक्षमता दिलेली असते. ती १५० किलो असेल, चालक ७० आणि मागची व्यक्ती ६० किलोची असेल, तर सामानासाठी २० किलोच उरतात. पंचवीस किलोची गोणी त्यात बसत नाही. ही बेरीज-वजाबाकी करायला एक मिनिट पुरते.

किती लांब, किती घाईने

विजेच्या गाडीबद्दल सर्वांत मोठी धास्ती असते ती वाटेत बॅटरी संपण्याची. ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधला लांबचा प्रवास लोकलने होतो. दुचाकीच्या वाट्याला घर, स्टेशन, शाळा, मंदिर आणि दुकान एवढेच वर्तुळ येते. दिग्व्रत घेणारा श्रावक आपल्या जाण्या-येण्याची मर्यादा स्वतःच आखून घेतो. ज्याने आपले वर्तुळ मोजले आहे, त्याला शंभर-दीडशे किलोमीटरच्या बॅटरीसाठी जादा पैसे मोजावे लागत नाहीत.

घाईचेही तसेच आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि चौविहार पाळणाऱ्या घरांची सगळी धांदल साडेपाच ते सहा या अर्ध्या तासात एकवटते. गिऱ्हाईक निघत नाही, मुलाला पाठशाळेतून घ्यायचे असते, वाटेत भाजीही घ्यायची असते. मग वेग वाढतो आणि फळीवर पुन्हा गोणी व मूल एकत्र येतात. व्रत सांभाळायचे ते दुकानातून पंधरा मिनिटे आधी उठून. भाजी दुपारीच आणून ठेवता येते आणि गोणी दुसऱ्या दिवशीच्या टेम्पोने येऊ शकते.

टेंभी नाक्यावरच्या मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरात आलेले साधू-साध्वी अनवाणी, पुढच्या चार हातांवर दृष्टी ठेवून चालत आलेले असतात. त्या ईर्यासमितीची बरोबरी दुचाकीवरचा गृहस्थ करू शकत नाही. मात्र प्रतिक्रमणात इरियावहियं म्हणताना जाता-येता दुखावलेल्या सूक्ष्म जीवांची तो क्षमा मागतो. ज्याच्या पापणीएवढ्या जीवांसाठीही मनात जागा आहे, त्याच्या फळीवर उभे असलेले स्वतःचे लेकरू त्या यादीत कधी येऊ नये, एवढी जयणा नवी गाडी घरी आणण्याच्या दिवसापासून पाळता येते.